वरचा ठिपका, खालची रेघ

आपल्या डीबीएमएसच्या विषयात ईआर डायग्राम नावाचा एक प्रकार असतो. चौकोन म्हणजे एन्टिटी, शंकरपाळ्यासारखा आकार म्हणजे रिलेशनशिप आणि लंबगोल म्हणजे अॅट्रिब्यूट. ही पद्धत पीटर चेन यांनी १९७६ साली मांडली. त्याच वर्षी गॉर्डन एव्हरेस्ट यांनी दुसरी पद्धत आणली, तिला सगळे क्रोज फूट म्हणतात, म्हणजे कावळ्याचा पाय. तिसरी मिन-मॅक्सची पद्धत आहे. लिनक्सवरचं डिया नावाचं फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर उघडलंत तर ईआरच्या शीटमध्ये चेनचे आकार मिळतात आणि रेषेच्या टोकाला लावायच्या बाणांच्या यादीत कावळ्याचे पायही मिळतात. दोन्ही एकाच चित्रात मिसळले तरी डिया काही बोलत नाही. ते चित्र काढतं, अर्थ बघत नाही. अर्थ बघायचं काम आपलं.

आता खरी गंमत बघा. एका रागात अनेक बंदिशी असतात आणि एक बंदिश एकाच रागातली असते, असं धरू. चेनच्या पद्धतीत रागाच्या बाजूला १ आणि बंदिशीच्या बाजूला एन लिहितात. मिन-मॅक्स पद्धतीत रागाच्या बाजूला (०, एन) आणि बंदिशीच्या बाजूला (१, १) लिहितात. म्हणजे एन हे अक्षर बरोबर उलट्या टोकाला गेलं! माहिती तीच, चित्र तेच, पण कुठल्या पद्धतीत काढलंय हे सांगितलं नाही तर वाचणारा नेमका उलटा अर्थ काढेल आणि त्याला कळणारही नाही की आपलं चुकतंय.

मी उदाहरण राग आणि बंदिशीचं मुद्दामच घेतलं. कारण नेमका हाच घोळ, अगदी याच प्रकारचा, आपल्या संगीतात शंभर वर्षांपूर्वी झाला आणि तो ज्यांच्यामुळे झाला त्या दोघांपैकी एकजण आयुष्याच्या शेवटी आपल्या नाशिकला येऊन राहिले होते. गंगापूर रोडवर संध्याकाळी चक्कर मारा. सीईटीच्या आणि इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत गाण्याच्या क्लासची पाटी दिसते आणि त्यावर गांधर्वच्या परीक्षांची तयारी करून घेतली जाईल असं लिहिलेलं असतं. त्या गांधर्वच्या मागे जो माणूस आहे त्याची ही गोष्ट. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर.

कुरुंदवाड ते मिरज

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा. गाव कुरुंदवाड, आताच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं. तेव्हा ते एक छोटंसं संस्थान होतं. वडील दिगंबर गोपाळ पलुस्कर कीर्तनकार. म्हणजे घरात गाणं होतं, पण ते देवळातलं, कथेतलं. मुलाने इंग्रजी शाळेत जावं, शिकून नोकरीला लागावं असाच तेव्हाचा हिशोब असणार. तो हिशोब एका फटाक्याने चुकवला. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चाललं होतं. त्यातला एक फटाका या मुलाच्या तोंडाजवळ फुटला. जीव वाचला, पण डोळे कायमचे अधू झाले.

उपचारासाठी त्याला मिरजेला नेलं. नजर काही पूर्ण परत आली नाही. शाळा संपली. ज्याला पुस्तक वाचता येत नाही अशा मुलाने करायचं काय? त्याचा गळा चांगला आहे, गाणं शिकवा, असा सल्ला तिथल्या डॉक्टरांनी दिला असं सांगतात. आणि मिरजेत तेव्हा गुरू कोण होते, तर पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. हे नाव आपल्यापैकी फार जणांना माहीत नसेल. ग्वाल्हेरला जाऊन, हालअपेष्टा सोसून, वासुदेवबुवा जोशींकडे राहून ज्यांनी ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रात आणली ते हे बुवा. महाराष्ट्रात आज जे शास्त्रीय गाणं आपण ऐकतो त्याच्या मुळाशी बुवांची ती पायपीट आहे.

मिरजेच्या संस्थानिकांनी या मुलाच्या राहण्याखाण्याची सोय केली आणि बुवांकडे तालीम सुरू झाली. तालीम म्हणजे आपल्या क्लाससारखी नाही. वही नाही, नोट्स नाहीत, सिलॅबस नाही. गुरू गातील ते ऐकायचं आणि पुन्हा म्हणायचं. शंभर वेळा, हजार वेळा. गुरूंच्या मनात आलं तर नवी बंदिश मिळायची, नाही आलं तर महिनोन्महिने नाही. कुठलाही उस्ताद आपली चीज सहज कोणाला देत नसे, कारण तीच त्याची इस्टेट होती. हे सगळं स्मरणात ठेवायचं. बॅकअप नसलेला डेटाबेसच म्हणा ना! एक उस्ताद गेला की त्याच्याबरोबर कितीतरी बंदिशी गेल्या, कायमच्या.

एक न आलेलं निमंत्रण

विष्णू दिगंबर मिरजेत तयार झाले, नाव व्हायला लागलं. आणि मग एक प्रसंग घडला, तो त्यांच्या प्रत्येक चरित्रात सांगितला जातो. गावात एक मोठा समारंभ होता. प्रतिष्ठित माणसांना निमंत्रणं गेली. विष्णू दिगंबरांनाही आलं, कारण ते संस्थानिकांच्या मर्जीतले. पण त्यांच्या गुरूंना नाही. कारण काय, तर ते शेवटी गवई. गवई गाण्यासाठी बोलवायचे असतात, पाहुणे म्हणून नव्हे.

आपल्याला आज हे विचित्र वाटतं. आज गायक म्हटलं की स्टेज, हार, शाल, श्रीफळ. पण तेव्हा चांगल्या घरातला मुलगा गवई झाला तर आईवडिलांना तोंड लपवावं लागे, आणि मुलींचं तर विचारूच नका. गाणं राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात नाहीतर कोठीवर. मध्ये कुठे जागाच नव्हती. ज्या माणसाच्या पायाशी बसून आपण सगळं शिकलो त्याला साधं पाहुणा म्हणूनही बोलावत नाहीत, ही गोष्ट त्या तरुणाला लागली. गाण्याला आणि गाणाऱ्याला समाजात मान मिळवून द्यायचा, हे त्यांनी तिथे ठरवलं असं म्हणतात.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. वय २४. खिशात काही नाही, नजर अधू, बरोबर एक-दोन सोबती. औंध, सातारा, बडोदा, मग काठेवाड. तिथे त्यांनी एक अशी गोष्ट केली जी तोपर्यंत कोणी फारशी केली नव्हती. राजाच्या दरबारात न गाता तिकीट लावून सर्वांसाठी जाहीर जलसा केला. थोडेसे पैसे द्या, या, बसा, ऐका. आज आपण कॉलेजच्या गॅदरिंगला पास काढतो त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण जो कोणी दारात येईल तो श्रोता, ही कल्पना तेव्हा नवी होती. गिरनारला त्यांना एक साधू भेटला आणि त्याने पंजाबकडे जायला सांगितलं अशीही एक कथा आहे. खरंखोटं गिरनारलाच माहीत. पण ते उत्तरेला गेले हे नक्की. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर करत करत लाहोरला पोचले. मथुरेला थांबून ते ब्रजभाषा शिकले, कारण बंदिशींचे शब्द त्या भाषेतले. अर्थ माहीत नसताना गायचं हे त्यांना पटत नव्हतं.

लाहोर, ५ मे १९०१

या दिवशी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. कुठल्या राजाच्या नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. सुरुवातीचे दिवस एकही विद्यार्थी आला नाही असं सांगतात. हे गृहस्थ काय करायचे, तर वेळापत्रकाप्रमाणे वर्गात येऊन तानपुरा घेऊन एकटेच रियाज करत बसायचे. मला हे चित्र फार आवडतं. रिकामा वर्ग, पण तास वेळेवर! (आपल्याकडे वर्ग भरलेला असतो आणि बाकीचं आपण सगळे जाणतोच.)

हळूहळू मुलं आली. मग त्यांनी जे केलं ते बघून मला वाटतं, हा माणूस मुळात इंजिनिअर होता. त्यांनी गाण्याची सिस्टीम तयार केली. वेळापत्रक, इयत्ता, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र. स्त्रियांसाठी वेगळे वर्ग. आणि उपदेशक वर्ग, म्हणजे पुढे जाऊन गाणं शिकवणारे शिक्षक घडवण्याचा वर्ग. त्यातल्या मुलांनी अनेक वर्षांचा करार करायचा, राहणं-जेवण-शिक्षण फुकट, आणि शिकून झाल्यावर देशभर जाऊन शिकवायचं. गुरूच्या घरी पाणी भरून, मर्जी सांभाळून जे मिळायचं ते आता फॉर्म भरून मिळायला लागलं.

पण एक अडचण होती. एका वर्गात वीस-तीस मुलं. प्रत्येकाला हजार वेळा समोर बसून म्हणून दाखवणार कोण? घरी जाऊन मुलगा काय बघणार? पुस्तक पाहिजे. आणि पुस्तक पाहिजे तर गाणं कागदावर लिहिता आलं पाहिजे. इथे आलं नोटेशन.

गाणं लिहायचं कसं

सा रे ग म ही अक्षरं आपल्याकडे शेकडो वर्षं आहेत. पण नुसत्या अक्षरांनी गाणं होत नाही. स्वर कोमल की शुद्ध? खालच्या सप्तकातला की वरच्या? किती वेळ धरायचा? सम कुठे? हे सगळं दाखवायला चिन्हं लागतात. विष्णू दिगंबरांच्या आधी बडोद्याला मौलाबक्षांनी आणि बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामींनी असे प्रयत्न केले होते. विष्णू दिगंबरांनी स्वतःची पद्धत बसवली, छापखाना काढला आणि पुस्तकांमागून पुस्तकं छापली. संगीत बालप्रकाश, रागप्रवेश अशी ती नावं. ज्याच्या स्वतःच्या डोळ्यांना बारीक अक्षर धड दिसत नव्हतं त्याने गाणं डोळ्यांनी वाचायची सोय केली. याच्यावर मी जास्त काही लिहीत नाही, तुम्हीच विचार करा.

त्यांच्या पद्धतीची खासियत म्हणजे वेळेचा हिशोब. प्रत्येक स्वराच्या खाली तो किती मात्रा धरायचा याचं चिन्ह. आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी मात्रा, छोटी चंद्रकोर म्हणजे पाव मात्रा. स्वराच्या डोक्यावर ठिपका असेल तर तो खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातला, उभी रेघ असेल तर वरच्या म्हणजे तार सप्तकातला. कोमल स्वर असेल तर अक्षराचा पाय मोडायचा. सम दाखवायला १ आणि खाली दाखवायला अधिकचं चिन्ह.

आता दुसरे गृहस्थ. पंडित विष्णू नारायण भातखंडे. हेही विष्णूच! जन्म १८६० चा, मुंबईतल्या वाळकेश्वरचा. शिक्षणाने वकील. त्यांनी वकिली सोडली आणि देशभर फिरून घराण्यांच्या उस्तादांकडून जुन्या बंदिशी मिळवल्या, लिहून घेतल्या, रागांचं दहा थाटांत वर्गीकरण केलं आणि क्रमिक पुस्तकमालिका काढली. त्यांनीही स्वतःचं नोटेशन बसवलं. आणि त्यात?

त्यात डोक्यावरचा ठिपका म्हणजे तार सप्तक. मंद्राचा ठिपका खाली. स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. डोक्यावरची उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. शून्य म्हणजे खाली, आणि सम म्हणजे गुणिलेचं चिन्ह. स्वर लांबवायचा असेल तर पुढे आडवी रेघ ओढायची, आणि एका मात्रेत दोन-चार स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीने ते बांधून टाकायचे.

पुन्हा वाचा. वरचा ठिपका एकाकडे खालचं सप्तक, दुसऱ्याकडे वरचं. खालची रेघ एकाकडे एक मात्रा, दुसऱ्याकडे कोमल. उभी रेघ असलेला म एकाकडे तार सप्तकातला मध्यम, दुसऱ्याकडे तीव्र मध्यम. शून्य एकाकडे अर्धी मात्रा, दुसऱ्याकडे खाली. चिन्हं तीच, अर्थ वेगळे, आणि एका बाबतीत तर चक्क उलटे. चेनचा एन आणि मिन-मॅक्सचा एन आठवला की नाही? पलुस्करांचं पुस्तक भातखंड्यांच्या चष्म्यातून वाचलं तर गाणं खालच्या सप्तकातून उडी मारून वरच्या सप्तकात जाईल आणि भलतेच स्वर कोमल होऊन बसतील.

कोणाचं बरोबर? हा प्रश्न लोक व्हायवाच्या आदल्या रात्री ईआर डायग्रामबद्दल विचारतात तसाच आहे, आणि त्याचं उत्तरही तेच आहे. दोन्ही बरोबर. दोघांना वेगवेगळी गोष्ट महत्त्वाची वाटत होती. पलुस्करांसमोर वर्गातलं मूल होतं. त्याने ताल चुकू नये म्हणून प्रत्येक स्वराच्या पोटात त्याचा वेळ लिहिला. चेनने नाही का रिलेशनशिपला वेगळा आकार देऊन आणि प्रत्येक अॅट्रिब्यूटचा वेगळा लंबगोल काढून सगळं उघड केलं? समजायला उत्तम, पण वीस टेबलं झाली की पान पुरत नाही. भातखंड्यांसमोर बंदिशींचा ढीग होता. त्यांना सुटसुटीत, भराभर लिहिता आणि छापता येईल अशी पद्धत हवी होती. कावळ्याच्या पायाचं तसंच आहे. चिन्हं कमी, जागा कमी, मोठ्या डिझाइनला सोयीचं. आणि शेवटी झालंही तसंच. भातखंड्यांची पद्धत जास्त पसरली. पलुस्करांची चिन्हं फार आहेत अशी तक्रार होती आणि पुढे त्यांच्याच शिष्यपरंपरेने ती सोपी केली.

दोघांवर टीकाही झाली. मींड कागदावर कशी दाखवणार? गमक कशी? दोन स्वरांच्या मधली ती जागा, जिच्यासाठी लोक मान डोलावतात, ती कुठल्या चिन्हात बसते? घराण्यातले लोक म्हणत की पुस्तकातून गवई होत नाही. खरंय. पण विष्णू दिगंबरांचा तसा दावाच नव्हता. सगळे तानसेन होणार नाहीत, पण कानसेन तर होतील, असा त्यांचा विचार होता. आणखी एक टीका, जी मला जास्त गंभीर वाटते. अनेक शृंगारिक बंदिशींचे शब्द त्यांनी बदलले, त्या जागी भक्तीचे शब्द घातले. घरंदाज मुलामुलींना ते गाता यावं म्हणून. त्यामुळे गाणं घरात आलं, हे खरं. पण ज्या बायकांनी आणि उस्तादांनी ते गाणं पिढ्यान्पिढ्या सांभाळलं होतं त्यांच्यासाठी दरवाजा थोडा बंदही झाला. इंजिनिअरिंगच्या भाषेत, मायग्रेशन करताना काही डेटा गळला. तो गळला हे मान्य केल्याने विष्णू दिगंबर लहान होत नाहीत.

मुंबईची इमारत

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली. विद्यार्थी वाढले. मग त्यांनी गांधर्व महाविद्यालयासाठी सँडहर्स्ट रोडला स्वतःची मोठी इमारत बांधायला घेतली. पैसा कुठून? कर्जातून, आणि ते फेडायला देशभर जलसे. सगळा गाडा एका माणसाच्या गळ्यावर चालला होता. आजच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. कर्ज वाढत गेलं, फिटेना. १९२४ च्या सुमारास संस्था बंद पडली आणि इमारत हातची गेली. वीस-पंचवीस वर्षांचं काम, आणि हातात काय राहिलं तर तानपुरा.

घरातलं दुःख त्याहून मोठं होतं. त्यांना बारा अपत्यं झाली, त्यातली अकरा लहानपणीच गेली. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. उरला एकच मुलगा, दत्तात्रय, १९२१ साली नाशिकला जन्मलेला.

याच काळात ते देशाच्या कामातही होते. काँग्रेसच्या अधिवेशनात वंदे मातरम् गायला त्यांना बोलवत. १९२३ साली काकिनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. सभेत संगीत नको, आपल्या धर्माला ते मान्य नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. विष्णू दिगंबरांचं म्हणणं असं की हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, कुठल्या एका धर्माचं प्रार्थनास्थळ नाही. आणि त्यांनी पूर्ण गीत गायलं. गांधीजींनी आश्रमासाठी एक संगीतशिक्षक मागितला तेव्हा त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवलं. साबरमतीच्या प्रार्थना आणि आश्रम भजनावली ही खरे यांची कामगिरी. रघुपती राघव राजाराम या धुनेची आपल्याला पाठ असलेली चालही विष्णू दिगंबरांचीच मानली जाते. म्हणजे आपल्यापैकी ज्याने आयुष्यात कधी शास्त्रीय गाणं ऐकलं नाही त्यालाही पलुस्करांचं काहीतरी पाठ आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्येसुद्धा २ ऑक्टोबरला हे गायचो, चाल कोणाची ते कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

नाशिक

१९२२ साली त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि मुंबईचं सगळं संपल्यावर ते इथलेच झाले. भगवी वस्त्रं, तुलसीरामायण, रामनाम. अशोक स्तंभापासून सुरू होणाऱ्या आपल्या गंगापूर रोडवरून निघालं की रविवार कारंजा आणि होळकर पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत पंचवटी येते. तिथे इंद्रकुंडापाशी महापालिकेचं पलुस्कर सभागृह आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते नाव वाचलं असेल आणि किती जणांना ते कोण हे माहीत असेल, याचा सर्व्हे कोणीतरी मिनी प्रोजेक्ट म्हणून घ्यायला हरकत नाही.

काही लोक म्हणतात, शेवटी ते गाण्यापासून दूर गेले, रामभक्तीत हरवले. मला तसं वाटत नाही. कीर्तनकाराचा मुलगा कीर्तनाकडे परत गेला, एवढंच. मध्ये तो दरबार, जलसा, शाळा, छापखाना, कर्ज, जप्ती असा सगळा रस्ता फिरून आला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. जिथे डोळ्यांच्या उपचारासाठी आले होते आणि गाणं मिळालं होतं, त्याच गावात. तीन दिवसांपूर्वीच ५९ वर्षं पूर्ण झाली होती. दत्तात्रय तेव्हा १० वर्षांचा होता.

मग काय उरलं

इमारत गेली होती. लाहोरची शाळा पुढे १९४७ साली सीमेपलीकडे गेली. नोटेशन भातखंड्यांचं जास्त चाललं. हिशोबाच्या वहीत बघितलं तर हा माणूस हरला.

पण आता एक ईआर डायग्राम काढू या. दोन एन्टिटी, गुरू आणि शिष्य. मध्ये रिलेशनशिप, शिकवतो. दोन्हीकडे एन, म्हणजे मेनी टू मेनी. यात पलुस्करांचा रेकॉर्ड टाका आणि क्वेरी चालवा. ओंकारनाथ ठाकूर. विनायकराव पटवर्धन. नारायणराव व्यास. शंकरराव व्यास. बी. आर. देवधर. वामनराव पाध्ये. नारायण मोरेश्वर खरे. प्रत्येकाने कुठेतरी जाऊन शिकवलं. विनायकरावांनी पुण्यात, देवधरांनी मुंबईत, ठाकूरांनी बनारस हिंदू विद्यापीठात. देवधरांच्या शिष्यांत कुमार गंधर्व. आणि तो दहा वर्षांचा दत्तात्रय? त्याला वडिलांच्या याच शिष्यांनी, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी शिकवलं. म्हणजे वडिलांनी जे दिलं होतं ते शिष्यांनी मुलाला परत केलं. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर झाला. १९५२ च्या बैजू बावरा सिनेमात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी त्याचीच. तोही १९५५ साली गेला, अवघा ३४ वर्षांचा असताना. पण त्याच्या रेकॉर्ड्स आहेत, आज मोबाइलवरही ऐकता येतात.

१९३१ सालीच शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत ज्या परीक्षा मुलंमुली देतात त्या या मंडळाच्या. आणि ऐका, त्या परीक्षांत विद्यार्थ्यांना पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही पद्धती अभ्यासाला असतात, दोन्हींतला फरक सांगावा लागतो. पलुस्करांच्या संस्थेने भातखंड्यांची पद्धत बाहेर ठेवली नाही. मला वाटतं हे त्या चिन्हांपेक्षा मोठं आहे. आपल्याकडे चेनवाले आणि क्रोज फूटवाले लॅबमध्ये एकमेकांची जर्नल बघून नाक मुरडतात, त्यांनी इकडे लक्ष द्यावं.

आपण जे काढतो ते चित्र, मग ते डियामध्ये काढा नाहीतर पेन्सिलने, ते दुसऱ्या कोणीतरी वाचण्यासाठी असतं. तो दुसरा आपल्यासमोर नसतो. कदाचित पाच वर्षांनंतरचा कोणी ज्युनिअर असेल, आपण कंपनी सोडून गेलेलो असू. त्याला विचारायला कोणी नसेल. म्हणून कोपऱ्यात एक छोटी सूची लिहायची. या चिन्हाचा अर्थ हा, एन ज्या टोकाला आहे तो असा वाचावा. तीन ओळी लागतात. पलुस्करांच्या आणि भातखंड्यांच्या पुस्तकांतही चिन्हांचा खुलासा आधी येतो आणि गाणं मागून, म्हणून ती पुस्तकं आजही वाचता येतात.

आणि पुढच्या वेळी पंचवटीत गेलात, कोणा पाहुण्यांना काळाराम दाखवायला म्हणा किंवा नुसतं भजी खायला, तर इंद्रकुंडापाशी दोन मिनिटं थांबा. सभागृहावरचं नाव पूर्ण वाचा.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)